पहिली शिट्टी धरायची नाही

कौशल्याबाईंच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी एकूण तीन प्रेशर कुकर होते. एक पाच लिटरचा, तो चालू. एक तीन लिटरचा, त्याची रिंग सैल, त्यामुळे तो फक्त नाइलाज झाल्यावर निघायचा. तिसऱ्याला दांडा नव्हता आणि त्यात रवा होता. झाकणं मात्र चार होती. चौथ्या झाकणाचा कुकर कुठे गेला हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि झाकण टाकून द्यायची कुणाची छातीही होत नव्हती. मोरीत दोन करपलेली भांडी भिजत पडली होती, एक मागच्या मंगळवारचं आणि एक आदल्या दिवशीचं.

ही मोजदाद वैष्णवीनं केली. वैष्णवी कौशल्याबाईंची भाची, म्हणजे भावाची मुलगी. नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीची वाट बघत शनिवार पेठेत आत्याकडे राहिलेली. माणसानं शास्त्र शिकावं, पण शास्त्र शिकून रिकामं बसू नये. रिकामा वकील फार तर भांडतो. रिकामा शास्त्रज्ञ घरातल्या वस्तूंकडे बघायला लागतो.

करपण्याचं कारण साधं होतं. कौशल्याबाईंना शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. निदान त्यांचा मुलगा रणजित तसं म्हणत होता. कौशल्याबाईंचं म्हणणं असं की त्यांना सगळं ऐकू येतं, हल्लीचे कुकरच पुटपुटतात. कानाचं यंत्र कपाटात होतं. ते लावलं की जगात नको तेवढी माणसं बोलत असतात, हे लक्षात आल्यापासून त्यांनी ते लावलं नव्हतं.

आदल्या दिवशीच्या करपण्याचा वास डक्टमधून चारही मजले फिरला होता. सोसायटीचे सेक्रेटरी संपतराव यांनी कर्तव्यभावनेनं तो फोनवरून बाणेरला रणजितपर्यंत पोचवला, आणि रणजितचा निकाल संध्याकाळी आला.

"आई, हे दुसऱ्यांदा झालं. एक तारखेपासून डबा लावतोय. गॅस बंद. चहापुरती इंडक्शन ठेव."

"डबा?" कौशल्याबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना बरोब्बर ऐकू आला होता. "अरे, डबा क्लासला आलेल्या पोरांना लावतात. माझ्या दाराला डबा लटकलेला दिसला तर तुझे बाबा फोटोतून खाली उतरतील."

"उतरू देत. त्यांनाही गरम जेवण मिळेल."

फोन ठेवल्यावर कौशल्याबाई बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या. ओटा पुसलेला होता, तरी पुन्हा पुसला. वैष्णवी बघत होती. आत्या भांडते तेव्हा काळजी नसते. आत्या गप्प राहून ओटा पुसते तेव्हा काहीतरी करायला हवं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"आत्या, तू नको काळजी करूस. मी शिट्ट्या मोजणारं यंत्र बनवते. ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की गॅस आपोआप बंद."

"आपोआप?" आत्यानं फडकं पिळलं. "या घरात आपोआप फक्त धूळ बसते."

यंत्राची कल्पना सरळ होती. एक मायक्रोफोन शिट्टी ऐकणार, एक छोटा बोर्ड ती मोजणार आणि एक छोटी मोटर शेगडीचं बटण फिरवणार. सामान आणायला वैष्णवी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेली.

"काय बनवायचंय?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

"कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारं यंत्र."

आता मात्र त्यानं मान वर केली. "का? घरात कुणाला बोटं नाहीत?"

हा प्रश्न शास्त्रीय नसल्यामुळे वैष्णवीनं सोडून दिला.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. कुठलीही गोष्ट मोजायची तर आधी तिची व्याख्या लागते.

"डाळीला किती शिट्ट्या, आत्या?"

"तीन."

वैष्णवीनं यंत्राला तीन सांगितल्या. तीन झाल्या, मोटर गुरगुरली, बटण फिरलं, गॅस बंद. वैष्णवीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"बंद का झाला गं? दोनच झाल्या ना?"

"तीन झाल्या. मी स्वतः मोजल्या."

"पहिली धरायची नाही."

"का?"

"पहिली म्हणजे कुकर घसा साफ करतो. गवई मांडी घालून नुसता खाकरला तर त्याला काय गाणं म्हणशील?"

मग वैष्णवी पडताळणीसाठी खालच्या मजल्यावर नसीमबानूंकडे गेली. नसीमबानू आणि कौशल्याबाई तीस वर्षांच्या मैत्रिणी. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या डक्टमध्ये एकाखाली एक उघडत असत, आणि त्यांच्या आयुष्यातली निम्मी चर्चा त्या डक्टमध्येच झाली होती.

"मी मोजतच नाही बेटा," नसीमबानू म्हणाल्या. "पहिली झाली की मी कांदा चिरायला घेते. कांदा संपायच्या आत दुसरी आली, तर आच मोठी आहे. संपल्यावर आली, तर बरोबर."

"केवढा कांदा?"

"असेल तेवढा."

वैष्णवीनं कांद्याचं वजन विचारलं नाही, पण तिला झोप लागली नाही.

संपतराव सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं उत्तर तयार होतं. "डाळीला तीन लागतात. म्हणून आमच्याकडे सहा. पूल असेच बांधतात, मॅडम."

"पण मग डाळीचं काय होतं?"

"पडत नाही."

शेवटी वैष्णवीनं आत्याचंच शास्त्र प्रमाण मानलं. पहिली शिट्टी आली की यंत्राच्या पडद्यावर शून्य दिसायचं, पुढच्या शिट्टीला एक. हे एवढं साधायला तिचे दोन दिवस गेले. एम.एस्सी.ला तिनं प्रकाशाचा वेग याहून कमी वेळात मोजला होता.

तिसऱ्या दिवशी कुकर लावला. तो अजून घसाही साफ करत नव्हता, वाफसुद्धा धरली नव्हती, तोच मोटर गुरगुरली आणि गॅस बंद झाला. पडद्यावर ऐटीत तीन उभे होते. वैष्णवीनं सगळ्या वायरी तपासल्या. पुन्हा पेटवला, पुन्हा बंद. मग खालून डक्टमधून आवाज आला, "कौशल्याबाई, माझा झाला हो! तुमचा?"

यंत्र प्रामाणिक होतं. त्यानं शिट्ट्या मोजल्या होत्या, फक्त नसीमबानूंच्या. त्या दुपारच्या वरणात डाळ आणि पाणी शेवटपर्यंत एकमेकांना अनोळखी राहिली. कौशल्याबाईंनी ते पानावर वाढलं आणि म्हणाल्या, "चावून खा. डब्याची सवय होईल."

वैष्णवीला हे लागलं. तिनं विचार केला की माणसांचे आवाज वेगळे तसे कुकरचेही असणार. इमारतीतल्या सगळ्या कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड करून घेतल्या, तर यंत्राला आपला आणि परका ओळखता येईल. ती माइक घेऊन डक्टच्या खिडकीत उभी राहिली, आणि संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली:

"डक्टमधील आवाज ही सर्व सभासदांची सामाईक मालमत्ता आहे. परवानगीशिवाय त्याचे ध्वनिमुद्रण करू नये. हुकमावरून, सेक्रेटरी."

पार्किंगमध्ये बैठक बसली. अजेंड्यावर विषय एकच, शिट्टी. पण ज्या सोसायटीत गेली दोन वर्षं गळक्या टाकीवर कुणी तोंड उघडलं नव्हतं, तिथे शिट्टीवर तासभर चर्चा झाली. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना भीती होती की शिट्टीबरोबर घरातलं बोलणंही यंत्रात जाईल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना भीती होती की जाणार नाही. त्यांना सुनेचं बोलणं पुराव्यादाखल हवं होतं. अखेर संपतरावांनी तोडगा काढला. "शिट्टी तेवढी घ्यायची. शिट्टीच्या आधीचं आणि नंतरचं भांडण घ्यायचं नाही."

परवानगी मिळाली, शिट्ट्या मिळाल्या, आणि वैष्णवीचा सिद्धान्तही खरा ठरला. प्रत्येक कुकरचा आवाज वेगळा होता. अपवाद दोनच, आत्याचा आणि नसीमबानूंचा. ते हुबेहूब सारखे होते. चौकशी केल्यावर कळलं की 'जुना द्या, नवा घ्या' योजनेत दोघी एकाच दिवशी मंडईत गेल्या होत्या आणि एकीनं घेतला तोच दुसरीनं घेतला होता.

"घेताना मला विचारायचं तरी," वैष्णवी वैतागून म्हणाली.

"तू तेव्हा चौथीत होतीस," आत्या म्हणाली.

त्यात वैष्णवीला अवदसा आठवली. शेगडीच्या बटणाला मोटर लावणं नियमात बसतं का, हे विचारायला ती गॅस एजन्सीत गेली. पुण्यात जे काम न विचारता होतं ते विचारायला जाऊ नये, एवढं व्यवहारज्ञान विद्यापीठात शिकवत नाहीत.

काउंटरवरच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. "ग्राहकाला घेऊन या. ग्राहक कोण?"

"दत्तोबा. माझे मामा. म्हणजे आत्याचे यजमान."

"मग त्यांना आणा."

"ते वारले."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

गृहस्थांनी पडद्याकडे पाहिलं, मग वैष्णवीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "त्यांनी मागच्या महिन्यात सिलिंडर घेतलाय."

"तो आत्यानं घेतला."

"सही त्यांची आहे."

मामा गेल्यापासून आत्या त्यांच्या नावानं सही करत होती. त्यात फसवणूक काही नव्हती. जिवंतपणीही त्यांच्या सगळ्या सह्या तीच करायची.

"नाव बदलून घ्या," गृहस्थ म्हणाले. "वारसाचं संमतिपत्र लागेल. तोपर्यंत पुढचा सिलिंडर मिळणार नाही. आणि मोटरचं विचारायला आला होतात ना? ते नंतर बघू."

वारस म्हणजे रणजित. ज्याच्यापासून स्वयंपाकघर वाचवायचं होतं, त्याचीच सही लागणार होती. वैष्णवीनं धीर करून फोन केला, आणि संमतिपत्राचं सांगता सांगता यंत्राचंही सांगून बसली.

"ठीक आहे," रणजित म्हणाला. "रविवारी शर्मिला आणि मी जेवायला येतो. आईनं तोंडलीभात करावा. भात करपला नाही, तर सही करतो आणि डब्याचा विषय संपला. करपला, तर सही नाही, सिलिंडर नाही, डबा सोमवारपासून."

कौशल्याबाईंनी हे ऐकलं. "दोन शिट्ट्या," एवढंच म्हणाल्या. "पहिली सोडून."

बातमी डक्टमधून पसरली आणि अख्खी इमारत कामाला लागली. नसीमबानूंनी आपला कुकर रविवारी पेटणारच नाही असं जाहीर केलं. "मी पातेल्यात भात करीन. तुमची इज्जत ती माझी इज्जत." संपतरावांना एवढ्यावर समाधान नव्हतं. सूचनाफळ्यावर रविवारचं वेळापत्रक लागलं. साडेअकरा ते साडेबारा कुणीही कुकर लावू नये, मिक्सर फिरवू नये, डक्टमध्ये बोलू नये, शिंकणं टाळावं. खाली त्यांची सही आणि शिक्का होता. शंकेला जागा नको म्हणून त्या वेळात पाण्याचा पंपही बंद ठेवायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. पंपाची घरघर यंत्राला बाधेल, असा त्यांचा तांत्रिक अंदाज होता.

रविवारी रणजित आला तो परीक्षकासारखा. आईला नमस्कार केला, यंत्र खालून-वरून पाहिलं आणि म्हणाला, "पाणी, मीठ, सगळं घालून झालं ना? आता आई बाहेर. नाहीतर ती मधेच हात लावेल."

"माझ्या स्वयंपाकघरातून मी बाहेर?"

"आणि वैष्णवी, तूसुद्धा. तू डोळ्यांनी खुणा करशील. यंत्र एकटं काय करतं ते बघू. मी थांबतो इथे."

कौशल्याबाई हॉलमध्ये येऊन पंख्याखाली बसल्या. शेजारी वैष्णवी, समोर सून शर्मिला. इमारत इतकी शांत होती की खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला स्वतःच्या आवाजाला दचकला असावा. आत रणजितचा फोन वाजला. ऑफिसमधलं कुणीतरी होतं.

"नाही, नाही," आतून त्याचा आवाज आला. "आय अ‍ॅम ऑन इट. मॉनिटरिंग चालू आहे. माझं पूर्ण लक्ष आहे."

कुकरनं घसा साफ केला. मग खरी पहिली शिट्टी झाली. आता एकच उरली होती.

आणि पंखा थांबला.

वैष्णवीनं वर पाहिलं. मग दाराबाहेर पाहिलं. लिफ्टचा दिवाही गेला होता. तळमजल्यावर संपतरावांनी पंपाचं समजून जो खटका खाली ओढला होता, तो पूर्ण इमारतीचा होता. यंत्र विजेवर चालत होतं. आता ते आंधळं, बहिरं आणि मुकं, तिन्ही एकदम झालं होतं. दुसरी शिट्टी झाली. बटण जागचं हललं नाही.

ती ताडकन उठली. पण मनगट कुणीतरी धरलं. आत्या.

"कुठे?"

"वीज गेलीय! यंत्र बंद आहे! गॅस..."

"बस खाली. परीक्षा चालू असताना वर्गात जायचं नसतं."

"अगं, पण भात!"

"आत कोण आहे?"

"रणजितदादा."

"त्याचं पूर्ण लक्ष आहे. आत्ताच म्हणाला. एवढं मलाही ऐकू आलं." आत्यानं पदर सावरला आणि वैष्णवीकडे कान केला. "किती झाल्या?"

वैष्णवीला खोटं मोजता येत नव्हतं. तो तिचा शिक्षणातून आलेला दोष होता. "तीन. पहिली सोडून."

"हं."

आत रणजितचा आवाज चढला होता. शिट्टीमुळे त्याला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. "एक मिनिट हं, इथे जरा नॉइज आहे," तो म्हणाला. शर्मिलानं मान वाकडी करून आत पाहिलं आणि परत सरळ केली. "त्यानं कानात बोट घातलंय," तिनं शांतपणे सांगितलं.

"किती?" कौशल्याबाई.

"पाच."

खालून डक्टमधून नसीमबानूंनी वेळापत्रक मोडलं. "कौशल्याबाई! गॅस! अहो, गॅस बंद करा!" पाठोपाठ खिडकी लावल्याचा आवाज आला. रणजितनं आवाज नको म्हणून डक्टची खिडकी बंद केली होती.

शर्मिला आता ओढणी तोंडाला लावून हसत होती. "आई, उठू का मी?"

"तुला भूक लागलीय का?"

"नाही."

"मग बस. किती गं?"

"आठ," वैष्णवी म्हणाली. तोंडलीभाताची तिला काळजी होतीच, पण यंत्राची अब्रू वेगळी होती.

पंखा फिरायला लागला. संपतरावांना आपली चूक कळली असावी. यंत्र जागं झालं, आणि जागं झालेल्या यंत्राला गत आयुष्यातलं काही आठवत नाही. आलेली पुढची शिट्टी त्यानं नियमाप्रमाणे घसा साफ करणारी धरली. त्यापुढची त्यानं पहिली म्हणून मोजली. मग तिसरी आलीच नाही, कारण शिट्टीला वाफ लागते, वाफेला पाणी लागतं, आणि पाणी केव्हाच संपलं होतं. यंत्र एकावर थांबून दुसरीची वाट बघत राहिलं.

तेवढ्यात आतून हाक आली. "आई! कसला वास येतोय गं?"

कौशल्याबाई उठल्या. घाई न करता आत गेल्या, बटण हातानं फिरवलं, खिडकी उघडली. डक्टमध्ये एकाखाली एक सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या आणि सगळ्या वर बघत होत्या.

"तुझं लक्ष होतं ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"होतं गं, पण कॉल..." रणजितनं यंत्राकडे बोट केलं. "हे बंद पडलं होतं!"

"ते बंद पडलं होतं. तू चालू होतास."

शर्मिला दारात उभी होती. "रणजित," ती म्हणाली, "डबा सोमवारपासूनच ना? आपल्याकडे बाणेरला येतील का पोचवायला?"

खिडकीतून एक झाकलेलं पातेलं दोरीनं वर आलं. पाठोपाठ नसीमबानूंचा आवाज. "मोकळा झालाय, कौशल्याबाई. पातेल्यातला आहे. आणि रणजितला सांगा, याला शिट्टी नव्हती."

रणजितनं तोच भात दोनदा वाढून घेतला. जेवण झाल्यावर खिशातून पेन काढलं आणि संमतिपत्रावर सही केली. कागदावर ग्राहकाचं नाव लिहायची जागा रिकामी होती. तिथे त्यानं स्वतःच्या अक्षरात आईचं नाव लिहिलं आणि डब्याबद्दल पुन्हा बोलला नाही. कौशल्याबाईंनी कपाटातून कानाचं यंत्र काढलं, पदराला पुसलं आणि कुकर लावण्यापुरतं लावीन, असं कुणी न विचारता सांगून टाकलं.

वैष्णवीनं कुकर गार होऊ दिला. वरचा सुटा भात काढून घेतला, तळाला धरलेली काळी खरपुडी सुरीनं अखंड सोडवली आणि व्हर्निअर कॅलिपर आणलं. रणजितच्या देखरेखीखाली झालेल्या तोंडलीभाताच्या करपलेल्या थराची जाडी तिनं पाच ठिकाणी मोजली. सरासरी आली ६.४ मिलिमीटर.